जखमी खेळाडूला संघात ठेवावे का?

चांगला खेळाडू गंभीर जखमी झाला तर संघाने त्याच्याशी पुन्हा करार करावा का?

अमेरिकेच्या गोल्डन स्टेट वॉरियर्स या बास्केटबॉल संघातील क्ले थॉम्पसनच्या गुडघ्याचे लिगामेंट जून २०१९ मध्ये तुटले. तरीही पुढच्याच महिन्यात संघाने त्याच्याशी पाच वर्षांचा, सुमारे १९ कोटी डॉलरचा करार केला. २०२० मध्ये त्याच्या टाचेची शीर तुटली. सलग दोन हंगाम तो खेळला नाही. जानेवारी २०२२ मध्ये तो परतला आणि त्याच वर्षी संघ विजेता ठरला.

मुंबईचा श्रेयस अय्यर पाठीच्या दुखापतीमुळे २०२३ च्या आयपीएलला मुकला. कोलकाता संघाने त्याला सोडले नाही. २०२४ मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली संघाने अजिंक्यपद मिळवले.

प्रत्येक वेळी असेच घडेल असे नाही. दोन वर्षे वाट पाहणे लहान संघाला परवडत नाही. म्हणून दुखापत कोणती, वय किती, डॉक्टरांचे मत काय आणि तोवर जागा कोण सांभाळणार, हे आधी पाहावे लागते.

शाळेच्या संघात करार नसतो, पण प्रश्न तोच असतो. जागा जाईल या भीतीने मुले दुखणे लपवतात आणि किरकोळ दुखापत मोठी होते. म्हणून पालक व विश्वस्तांना आमची विनंती आहे, की जखमी मुलाची जागा राखून ठेवावी. मात्र डॉक्टरांच्या परवानगीशिवाय त्याला मैदानात उतरवू नये.