वारकरी किती मोजले?

निफाडची जानेवारीतली थंडी काय चीज आहे, ते द्राक्षबागायतदाराला विचारावे. पारा फार उतरला तर मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटतात. तो धूर अंगावर घेत चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यावर पोचायचे, दुर्बीण लावायची आणि पाण्यावरचे काळे ठिपके मोजायला लागायचे. नांदूर मध्यमेश्वरची पक्षीगणना ही अशी सुरू होते. दोन तासांनी बोटे बधिर झालेली असतात आणि हातात एक कागद असतो.

त्या कागदावर सगळ्यात मोठा आकडा बहुधा वारकऱ्याचा. काळा देह, कपाळावर पांढरा टिळा आणि कायम घोळक्यात. ज्याने हे नाव ठेवले त्याला दाद द्यावी. मी पहिल्यांदा गणनेला गेलो तेव्हा एक-दोन-तीन करत एकशे सत्तरपर्यंत पोचलो होतो. तेवढ्यात दलदली भोवत्याने वरून एक फेरी मारली. सगळे वारकरी पाण्यावर धावत एकमेकांना चिकटले आणि माझा हिशेब गोदावरीला मिळाला. शेजारच्या जाणत्या काकांनी मग युक्ती सांगितली. आधी नीट दहा मोजायचे आणि दहांचा तो ‘तुकडा’ डोळ्यात धरायचा. तोच तुकडा थव्यावर पट्टीसारखा सरकवत न्यायचा. थवा मोठा असेल तर तुकडा पन्नासाचा किंवा शंभराचा. दोघांनी वेगवेगळे मोजायचे आणि आकडे मागाहून ताडून पाहायचे. “आणि कॅमेरा पिशवीत ठेव,” हे शेवटचे.

ते शेवटचे वाक्य मला आजही सगळ्यात महत्त्वाचे वाटते.

नांदूर मध्यमेश्वर मुळात पक्ष्यांसाठी नव्हतेच. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कालव्यांसाठी बंधारा झाला. त्यात गाळ साचत गेला आणि उथळ, दलदलीचे पाणथळ तयार झाले. पाटबंधाऱ्याच्या दृष्टीने तोटा, बदकांच्या दृष्टीने घबाड. 1986 मध्ये अभयारण्य झाले. पुढे 1437 हेक्टरचे हे क्षेत्र महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे पाणथळ, ठरले; ते 2020 च्या जानेवारीत जाहीर झाले. इथले पाणी मात्र आजही आवर्तनाच्या तालावर चालते. वरच्या गंगापूर, दारणा धरणांतून पाणी सुटले की उथळ कडा बुडतात आणि तुतवार, शेकाटे दुसरीकडे पांगतात. पाण्याची पातळी न लिहिता नुसता पक्ष्यांचा आकडा लिहिला, तर वाचणाऱ्याला वाटेल की पक्षी मेले. नाशिककडून वाहत येणाऱ्या पानवेलींचेही तसेच. त्यांनी किती पाणी झाकले आहे याची नोंद हवी, कारण झाकलेल्या पाण्यावर पोहणारे बदक दिसत नाही.

सामान्य माणसाच्या नोंदीवर शास्त्र उभे राहते, हे आपल्याकडे नवे नाही. मुंबईत 1883 साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे नियतकालिक पहिल्यापासून हौशी लोकांच्या टिपणांवर पोसले. 1926 च्या सुमाराला धारच्या महाराजांनी पक्ष्यांच्या पायात कडी अडकवण्याचा उपक्रम सुरू केला आणि सोसायटीने तो पुढे नेला. कड्यावर मुंबईला कळवण्याची विनंती कोरलेली असे. बदक टिपणारा शिकारीच अशा वेळी निरीक्षक ठरायचा. आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून दर जानेवारीत होते आहे. तिच्यात बंदुकीची जागा दुर्बिणीने घेतली आहे, एवढाच फरक.

गेल्या काही वर्षांत मोबाइलने मात्र कमाल केली. ‘ईबर्ड’ या पक्षीनोंदींच्या अ‍ॅपवर यादी पाठवताना एक साधा प्रश्न येतो: ओळखू आलेले सगळे पक्षी तुम्ही नोंदवले का? बहुतेक जण तो न वाचताच पुढे जातात, पण सगळी गंमत त्या प्रश्नात आहे. उत्तर ‘हो’ असेल तर यादीत नसलेला पक्षीही बोलू लागतो. दहा वर्षे एका तळ्यावरच्या शंभरातल्या साठ याद्यांत दिसणारा पक्षी आता वीसच याद्यांत दिसत असेल, तर काहीतरी बिघडले आहे. दुर्मीळ पाहुण्याचा एकच सुंदर फोटो टाकणाऱ्याच्या नोंदीतून हे कधीच कळत नाही.

‘ईबर्ड’वर याद्या पाठवणाऱ्या तीसेक हजार निरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवर 2023 चा ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवाल बेतला. 942 जातींचा त्यात विचार झाला. दीर्घकालीन कल सांगता येईल इतकी माहिती 338 जातींबद्दल होती. त्यांतल्या 204 घटल्या, 98 स्थिर होत्या आणि 36 वाढल्या. वाढलेल्यांत मोर आहे. चिमणीबद्दलची हळहळही या मोजणीने थोडी ताळ्यावर आणली. मोठ्या शहरांत ती कमी झाली हे खरे, पण देशभराचा विचार करता ती टिकून असल्याचे 2020 च्या अहवालानेच सांगितले होते. तीस टक्के किंवा त्याहून जास्त घटलेल्या चौदा जातींची नावे वाचताना मात्र मी थबकलो. नीलपंख, सामान्य तुतवार, थापट्या. थापट्या म्हणजे फावड्यासारख्या चोचीचे ते बदक, ज्याला नांदूरला कोणी दुसऱ्यांदा दुर्बीण लावत नाही. ‘थापट्याच आहे’ म्हणत आपण पुढे सरकतो.

या माहितीत एक मोठे भोकही आहे. माणसे जिथे पक्षी आहेत तिथेच जातात. भिगवण, नांदूर, ठाण्याची खाडी इथे रविवारी दुर्बिणींची गर्दी असते. तालुक्यातल्या पाझर तलावावर कोणी फिरकत नाही. केरळने याला चोख उत्तर दिले. 2015 ते 2020 या काळात हजाराहून अधिक स्वयंसेवकांनी राज्याचे चौकोन पाडले आणि वाट्याला आलेल्या चौकोनात जाऊन मोजले, तिथे पक्षी असोत वा नसोत. त्यातून अख्ख्या राज्याचा पक्षी-नकाशा तयार झाला. आपल्याकडे पक्षीमित्रांची कमी नाही, संमेलने होतात, छायाचित्रांची प्रदर्शने भरतात. कंटाळवाणा चौकोन घ्यायला मात्र कोणी पुढे येत नाही, आणि यात मीही आलो.

येत्या जानेवारीतल्या गणनेसाठी नांदूरला या, पण त्याआधी गावाकडचे एखादे तळे किंवा केटी बंधारा धरा. महिन्यातून एकदा, ठरावीक वेळी, अर्धा तास. तारीख, पाण्याची पातळी, पानवेल किती, पक्षी किती. टिबुकली, ढोकरी, वारकरी सगळे लिहा. काहीच दिसले नाही तर तसे लिहा आणि तीही यादी पाठवा.