घराची किल्ली आणि ओळखीची माणसे

सोलापूर किंवा बेळगावहून नोकरीसाठी बेंगळुरूला आलेल्या कुटुंबाच्या हाती घराची किल्ली पडली की घरदलालाचे काम संपले, असे सामान्यतः समजले जाते. वस्तुतः त्या कुटुंबाच्या अडचणींना त्याच दिवशी सुरुवात होते. पाणी न आल्यास टँकर कोणाकडून मागवावा, गळका नळ कोण दुरुस्त करील, मुलांसाठी जवळचा डॉक्टर कोणता, हे प्रश्न विचारण्यासारखा एकच परिचित माणूस त्यांना त्या शहरात असतो. तो म्हणजे दलाल.

पूर्वी ही उणीव आप्त व जातिबांधव भरून काढीत. 1638 मध्ये रणदुल्लाखानाने बेंगळुरू जिंकले आणि पुढे ते शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळाले. मराठी भाषकांचा या शहराशी संबंध निदान तेव्हापासूनचा आहे. नवा माणूस ओळखीच्या घरी उतरे आणि यजमानच त्याला सुतार, शिंपी, वैद्य दाखवून देई. शिफारस खोटी ठरल्यास पुढच्या लग्नकार्यात यजमानाला तोंड दाखविणे कठीण जाई. दलालाच्या शिफारशीमागे असे नाते नसते. म्हणून शिफारशीची जबाबदारी त्याला स्वतःहून पत्करावी लागते. ती कशी पत्करावी, हे आता पाहू.

पहिली गोष्ट क्षेत्राच्या मर्यादेची. 1898 च्या प्लेगच्या सुमारास वसविलेल्या मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या भागांत जुन्या बांधणीची घरे जाणणारा गवंडी उपयोगी पडतो. शहराच्या कडेला गरजा वेगळ्या असतात. 2024 च्या उन्हाळ्यात अनेक कूपनलिका आटल्या व तेथील पुष्कळ वस्त्या टँकरवर अवलंबून राहिल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कावेरी योजनेच्या पाचव्या टप्प्याचे उद्घाटन झाले. शहरात नव्याने सामील झालेल्या 110 गावांसाठी ती योजना आहे. परंतु आपल्या गल्लीत ते पाणी पोहोचले आहे काय, हे तेथे नित्य जाणारा माणूसच सांगू शकतो. दलालाने आपल्या दोन-तीन वस्त्यांपुरतीच माणसे जोडावीत आणि ती पक्की जोडावीत.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. येथे चूक झाल्यास आयुष्याची बचत पणाला लागते. मिळकतीची करासाठी नोंद ठेवणाऱ्या दप्तराला तेथे ‘खाता’ म्हणतात. ‘बी खाता’ असलेल्या मिळकतीवर कर आकारला गेला, तरी तेवढ्याने ती नियमित ठरत नाही. ऑक्टोबर 2024 पासून खरेदीखताच्या नोंदणीसाठी ई-खाता आवश्यक झाला. सप्टेंबर 2025 मध्ये एका महानगरपालिकेच्या जागी पाच महानगरपालिका आल्या. पुष्कळसे जुने कागद कन्नडमध्ये असतात. तेव्हा ते वाचणारा आणि विक्रेत्याशी कसलाही संबंध नसलेला वकील सुचविणे, ही दलालाची सर्वांत मोलाची शिफारस होय.

तिसरी गोष्ट पारखण्याची. ज्याचे काम आपण पाहिले नाही, त्याचे नाव वहीत लिहू नये. प्रत्येक कामासाठी दोन किंवा तीन नावे द्यावीत, म्हणजे निवड ग्राहकाच्या हाती राहते. महिन्याभराने ग्राहकाकडे जाऊन काम कसे झाले, दर सांगितल्याप्रमाणेच लागला काय, हे विचारावे. तक्रार खरी असल्यास नाव खोडावे. हेच कारागीर आणि वकील पुढे घर शोधणाऱ्यांना दलालाकडे पाठवितात. नव्या ग्राहकांचा हा ओघ जाहिरातीने मिळणाऱ्या ओघाहून अधिक टिकाऊ असतो.

उरतो तो पैशाचा प्रश्न. रंगाऱ्याने किंवा सामान हलविणाऱ्याने दलालाला गुपचूप दलाली दिली, तर ती बहुधा ग्राहकाच्याच देयकात मिसळलेली असते. भारतीय करार अधिनियम, 1872 प्रमाणे, ज्याच्या वतीने आपण काम करतो त्याला अंधारात ठेवून त्याच्या कामात स्वतःचा व्यवहार करणाऱ्या मध्यस्थाकडून तो लाभ मागता येतो. स्थावर संपदा अधिनियम, 2016 अन्वये नोंदणीयोग्य गृहप्रकल्पांतील विक्रीची मध्यस्थी करणाऱ्या दलालाला नोंदणी आवश्यक आहे. ती नसल्यास दररोज 10,000 रुपये दंड होऊ शकतो व तो मिळकतीच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. परंतु सुताराच्या शिफारशीमागे काय दडले आहे, हे तपासायला कोणी अधिकारी येत नाही. तेथे दलालाचे स्वतःचे वर्तन हीच हमी असते. अशी दलाली न घेणे उत्तम. घेतलीच, तर नाव सुचविण्यापूर्वी ग्राहकाला तसे सांगावे.

ग्राहकानेही संकोच न करता एक प्रश्न विचारावा : “या माणसाकडून आपल्याला काही मिळते काय?” सरळ उत्तर देणाऱ्या दलालाची वही विश्वासाने वापरावी. जो उत्तर टाळतो, त्याच्याकडून फार तर किल्ली घ्यावी. वकील मात्र स्वतःच शोधावा.