सावलीतील सूर्यशक्तीचा शोध

लखनौ सुमारे २७ उत्तर अक्षांशावर वसले आहे. डिसेंबरअखेर तेथे मध्यान्हीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४० अंशच वर येतो; त्यामुळे गच्चीवरील २ मीटर उंचीच्या टाकीची सावली उत्तरेस सुमारे २.४ मीटर पसरते. ती सौर पॅनेलांवर पडल्यास काय होईल?

असे समजा, की प्रत्येकी ३० व्होल्ट दाबाने १० अँपिअर प्रवाह देणारी १० पॅनेले एकसर जोडली आहेत. त्यांची एकूण शक्ती ३,००० वॅट होय. आता दोन पॅनेले सावलीत गेली व केवळ ४ अँपिअर देऊ लागली. एकसर जोडणीत प्रवाह सर्वत्र सारखाच असतो. म्हणून मार्ग दोनच उरतात. सर्वच पॅनेले ४ अँपिअरवर चालविली, तर १,२०० वॅटांहून थोडी अधिक शक्ती मिळते. दुर्बल पॅनेले वगळून प्रवाह त्यांच्या डायोडांतून पुढे नेला, तर उरलेली आठ पॅनेले २४० व्होल्टांवर सुमारे २,४०० वॅट देतात.

दाब व शक्ती यांच्या आलेखात याप्रमाणे दोन शिखरे उद्भवतात. साधा इन्व्हर्टर दाब किंचित बदलून पाहतो; शक्ती वाढल्यास त्याच दिशेने जातो, घटल्यास परततो. धुक्यात डोंगर चढणाऱ्या वाटसरूप्रमाणे तो जवळच्या टेकडीवरच थांबतो आणि निम्मी शक्ती गमावतो. सुधारित इन्व्हर्टर मात्र ठरावीक काळाने दाबाचा संपूर्ण पल्ला तपासून उच्चतम शिखर गाठतो. त्या तपासणीत क्षणभर थोडी वीज वाया जाते, पण लाभ कितीतरी मोठा असतो.

तरीही सावलीने हिरावलेले ६०० वॅट कोणताही इन्व्हर्टर परत आणू शकत नाही. त्यासाठी टाकीच पॅनेलांच्या उत्तरेस बसविली पाहिजे.