गणवेश दोन वर्षांचा, दवाखाना साठ वर्षांचा

कॅप्टन लक्ष्मी म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते आझाद हिंद सेनेचं छायाचित्र: लष्करी गणवेशातली तरुण बाई, शेजारी सुभाषबाबू, समोर बंदुका घेतलेल्या मुलींची रांग. ९७ वर्षांच्या आयुष्यातली ही जेमतेम दोन वर्षं. उरलेल्या आयुष्याकडे आपण फारसं वळूनही पाहत नाही.

लक्ष्मी स्वामिनाथन मद्रासच्या. जन्म २४ ऑक्टोबर १९१४ चा. वडील नामांकित वकील, आई अम्मू पुढे घटना समितीवर गेल्या, तर धाकटी बहीण म्हणजे नृत्यांगना मृणालिनी साराभाई. लक्ष्मी १९३८ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या, मग प्रसूतिशास्त्राची पदविका घेतली. पहिलं लग्न टिकलं नाही. १९४० मध्ये सिंगापूर गाठून त्यांनी तिथल्या गरीब भारतीय मजुरांसाठी दवाखाना काढला.

जुलै १९४३ मध्ये सुभाषबाबू सिंगापुरात आले आणि त्यांनी बायकांची पलटण उभी करायचं जाहीर केलं. नाव ठरलं झाशीच्या राणीचं. मोरोपंत तांब्यांच्या या मुलीचं नाव सिंगापुरात कवायतीच्या मैदानावर घुमावं, याचं मराठी वाचकाला अप्रूप वाटणारच. पण त्या मैदानावरच्या बऱ्याच मुली मलायाच्या रबराच्या मळ्यांतल्या तमिळ मजुरांच्या होत्या. ज्या देशासाठी मरायला निघालो, तो त्यांच्यातल्या अनेकींनी कधी पाहिलाही नव्हता. मला तरी या सगळ्या कहाणीतली ही सर्वांत थक्क करणारी गोष्ट वाटते.

पलटण डॉक्टरीणबाईंच्या हाती आली. ऑक्टोबरात आझाद हिंदचं हंगामी सरकार स्थापन झालं, त्यातही त्या एकट्याच स्त्री मंत्री होत्या.

जपानच्या आधाराने लढणं योग्य होतं का, हा वाद अजून मिटलेला नाही. याच जपान्यांनी १९४२ मध्ये सिंगापुरात चिनी रहिवाशांची कत्तल केली होती. सयाम-ब्रह्मदेश रेल्वेच्या कामावर तमिळ मजूर हजारोंनी मरत होते, आणि तेही याच मळ्यांतून नेलेले. हे बाजूला ठेवून पलटणीचे गोडवे गाणं सोपं आहे, पण ते खरं होणार नाही.

१९४४ मध्ये तुकड्या ब्रह्मदेशात पोचल्या. इंफाळची मोहीम फसली आणि लढायला आलेल्या मुली उपाशी, मलेरियाने खंगलेल्या, जखमी जवानांची शुश्रूषा करू लागल्या. लक्ष्मीबाईंच्या हातातही पुन्हा स्टेथोस्कोप आला. मे १९४५ मध्ये इंग्रजांनी त्यांना पकडलं. मार्च १९४६ पर्यंत त्या ब्रह्मदेशातच अडकून होत्या, मग त्यांना भारतात पाठवण्यात आलं. आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर इंग्रजांनी लाल किल्ल्यात चालवलेल्या खटल्यात मुंबईच्या भुलाभाई देसाईंनी ज्या तिघांची बाजू लढवली, त्यांतले एक प्रेमकुमार सहगल. १९४७ च्या मार्चमध्ये लाहोरला लक्ष्मीबाई आणि प्रेमकुमार यांचं लग्न झालं आणि बिऱ्हाड कानपूरला आलं.

तिथून पुढचं आयुष्य कुठल्याच छायाचित्रात मावत नाही. फाळणीचे निर्वासित आले, त्यांच्यावर उपचार. मग गिरणगावातल्या गरीब बायकांची बाळंतपणं, वर्षानुवर्षं. १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून लोंढे आले, तर बाई निर्वासितांच्या छावण्यांमध्ये. त्याच सुमारास त्या मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षात आल्या. १९८४ मध्ये इंदिराजींच्या हत्येनंतर कानपुरात शिखांवर जमाव चालून आले, तेव्हा दवाखान्याच्या रस्त्यावर सत्तरीच्या डॉक्टरीणबाई स्वतः उभ्या राहिल्या. महिन्याभरात भोपाळला विषारी वायूचा कहर झाला, तिथेही त्या वैद्यकीय पथक घेऊन गेल्या. एका वर्षाअखेरीला एवढं!

१९९८ मध्ये पद्मविभूषण मिळालं. २००२ मध्ये डाव्यांनी त्यांना राष्ट्रपतिपदासाठी अब्दुल कलामांसमोर उभं केलं. कलामांच्या मतांचं मूल्य ९,२२,८८४ भरलं, यांचं १,०७,३६६. हरणार हे पहिल्यापासून ठाऊक असूनही ८७ वर्षांच्या बाई देशभर प्रचाराला फिरल्या. गरिबी आणि जातीयवाद यांवर बोलायला एवढं मोठं व्यासपीठ पुन्हा कुठे मिळणार होतं?

नव्वदी उलटल्यावरही सकाळी दवाखाना चालूच होता. २३ जुलै २०१२ रोजी कानपुरात त्यांचं निधन झालं. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह तिथल्याच वैद्यकीय महाविद्यालयाला देण्यात आला.