शब्द झळकला की टाळ्या!

खुलताबादहून प्रोग्रामिंगच्या क्लाससाठी छत्रपती संभाजीनगर गाठणाऱ्यांना ‘एआय’, ‘ब्लॉकचेन’, ‘क्लाउड’ हे शब्द फलकाफलकावर दिसतात. शब्द चलनी झाला की काम न पाहताच वाहवा मिळते. ही खोड जुनीच.

• १९९५ : नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या ‘लाइव्हस्क्रिप्ट’ या भाषेचे नाव डिसेंबरमध्ये ‘जावास्क्रिप्ट’ झाले. तेव्हा ‘जावा’चा बोलबाला होता. प्रत्यक्षात या दोन वेगळ्या भाषा आहेत.

• २००५ : पान पुन्हा न उघडता सर्व्हरकडून माहिती आणण्याची सोय ब्राउझरमध्ये आधीपासून होती. जेसी जेम्स गॅरेट यांनी त्या पद्धतीला ‘एजॅक्स’ म्हटले आणि ती सर्वतोमुखी झाली.

• २०१७ : अमेरिकेतील ‘लाँग आयलंड आइस्ड टी’ या शीतपेय कंपनीने ‘लाँग ब्लॉकचेन’ हे नाव जाहीर करताच तिचा शेअर एका दिवसात दुपटीहून अधिक उसळला. पुढे नॅस्डॅक या शेअर बाजाराने तिला यादीतून काढले.

मुंबईचा लगाम : मुंबईस्थित बाजार नियामक ‘सेबी’च्या २०१५च्या नियमांनुसार, नव्या व्यवसायाचे नाव लावू पाहणाऱ्या सूचीबद्ध कंपनीचे मागील वर्षातील किमान ५० टक्के उत्पन्न त्याच व्यवसायातून हवे, किंवा कंपनीच्या मालमत्तेच्या किमान निम्मी गुंतवणूक त्यात हवी.

फी भरण्यापूर्वी विचारा
१. तो शब्द वगळला तर अभ्यासक्रमात काय उरते?
२. आधीच्या मुलांनी केलेला, चालणारा प्रोग्राम पाहायला मिळेल का?
३. हेच काम साध्या, जुन्या पद्धतीने होते का?