बाईंचा वर्ग सुटतो तेव्हा

लेखमाला : हळवी मुलं, जाणती घरं – भाग ६

मार्च संपत आला की विश्रामबागेतल्या घराघरांत चौथीच्या मुलांबद्दल एकच चर्चा सुरू होते. पाचवीला कुठे घालायचं? सांगलीत, मिरजेत की इथेच जवळपास? मराठी की सेमी? रिक्षा लावायची की व्हॅन? मोठी माणसं बाहेरच्या खोलीत हे सगळं ठरवत असतात आणि जिच्याबद्दल बोलणं चाललंय ती मुलगी आतल्या खोलीत वहीवर रेघोट्या मारत ऐकत असते. तिला माध्यमाचं किंवा फीचं काही पडलेलं नसतं. जूनमध्ये आपल्या बाई नसणार, एवढी एकच गोष्ट तिला कळलेली असते.

मागच्या भागात आपण गर्दी-गोंगाटानं लवकर थकणाऱ्या मुलांबद्दल बोललो. आज त्याच मुलांच्या पहिल्या मोठ्या निरोपाबद्दल बोलू. विश्रामबागेसारख्या ठिकाणी हा विषय हमखास दुर्लक्षित राहतो. १९१९ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीनं इथे विलिंग्डन कॉलेज काढलं, १९४७ मध्ये वालचंद कॉलेज सुरू झालं. सांगली आणि मिरज यांच्या मधलं हे उपनगर शिकायला येणाऱ्या मुलांनी, क्लासेसनी आणि खानावळींनी भरत गेलं. इथे एक शाळा सोडून पुढच्या शाळेत जाणं म्हणजे प्रगती, आनंदाची बातमी, पेढे. त्या आनंदात रडणाऱ्या मुलाला जागा कुठली?

चौथीतून पाचवीत जाताना नेमकं काय बदलतं, हे मुलाच्या उंचीवरून पाहायला हवं. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवी हा प्राथमिक टप्पा धरला असला, तरी आपल्याकडे असंख्य मुलांची शाळा अजूनही चौथीनंतरच बदलते. चौथीपर्यंत बहुतेक विषय एकच बाई शिकवतात. पुष्कळ शाळांत तर त्याच बाई पहिलीपासून वर्गाबरोबर वर येतात. कोणाच्या डब्यात काय असतं, कोणाला पाढे म्हणताना हुंदका येतो, कोणाला बाकाच्या कडेला बसायला लागतं, हे त्यांना पाठ असतं. पाचवीला तास वाजला की शिक्षक बदलतात. मराठी शाळेत हिंदी हा नवा विषय सुरू होतो. कालपर्यंत शाळेत सगळ्यांत मोठी असलेली मुलं एका दिवसात सगळ्यांत लहान होतात आणि दहावीची दांडगी पोरं जिन्यावरून त्यांच्या अंगावरून धावत जातात. हे सगळं दहाव्या वर्षी, एकाच आठवड्यात घडतं.

बरीच मुलं हे पंधरा दिवसांत पचवतात. काहींना ते जमत नाही आणि त्याचं कारण लाडात किंवा दुबळेपणात शोधू नये. न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्यानं १९५६ पासून मुलांच्या जन्मजात स्वभावाचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. नव्या गोष्टीपासून आधी मागे सरणारी, पण वेळ मिळाला की हळूहळू रुळणारी मुलं त्यांना स्पष्टपणे वेगळी दिसली. अशा मुलांचं पुढे काय होतं हे नुसत्या स्वभावावर ठरत नाही, भोवतालची माणसं त्या स्वभावाशी किती जुळवून घेतात यावर ठरतं, हा त्यांचा निष्कर्ष. पुढे एलेन एरन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९० च्या दशकात अतिसंवेदनशीलतेवर संशोधन केलं. त्यांच्या मते साधारण पाचातला एक माणूस असा असतो : बारीकसारीक गोष्टी टिपणारा, मनात खोलवर घोळवणारा आणि म्हणून लवकर भरून येणारा. हा आजार नव्हे.

आपल्याला हे परक्यांनी सांगायची खरं तर गरज नव्हती. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिलं. त्यातला श्याम हा मराठीतला सगळ्यांत लाडका हळवा मुलगा. गुरुजी स्वतः शिक्षणासाठी पालगडहून दापोलीला आणि पुढे सातारा भागातल्या औंधला गेले. घर सुटण्याचं दुःख त्यांनी लपवलं नाही. श्यामसाठी पिढ्यान्‌पिढ्या डोळे पुसणारे आपण, आपल्याच घरातला मुलगा रडला की “मुलीसारखा रडतोस काय” म्हणतो. हे मला फार लागतं.

घरोघरी सांत्वनाची तीनचार वाक्यं ठरलेली असतात. “नवी शाळा किती मोठी आहे बघ!” मोठी आहे हीच तर त्याची भीती. “नवे मित्र मिळतील.” त्याला जुना हवाय. “आता मोठा झालास.” म्हणजे आता रडायची परवानगीही गेली. वाक्यं प्रेमानंच म्हटलेली असतात. पण मूल त्यातून एवढंच शिकतं की हे दुःख घरात बोलायचं नाही. मग ते सकाळी पोटदुखी होऊन बाहेर येतं, नाहीतर चपातीचा तुकडा वाकडा तुटला म्हणून अर्धा तास रडणं होऊन. त्याऐवजी इतकंच म्हणावं : “बाईंची आठवण येणार ना? येणारच. चार वर्षं होत्या त्या.” आणि गप्प बसावं. पुढचं मूल बोलतं. उपाय लगेच सांगायचा नाही, ऐकायचं. हळव्या मुलाला दुःख काढून घेणारं माणूस लागत नाही, ते दुःख खरं आहे असं मानणारं माणूस लागतं.

निरोप हा नीट घ्यावा लागतो, म्हणून एप्रिल महत्त्वाचा. शाळेच्या निरोप समारंभात मुलांना दोन शब्द बोलायला उभं करतात. ज्या मुलाचा गळा आधीच दाटलेला आहे त्याला माइकसमोर उभं करू नका, अशी बाईंना आधीच विनंती करावी. त्याला हवं तर त्यानं पत्र लिहावं, चित्र काढावं आणि बाईंच्या हातात एकट्यानं द्यावं. शेवटच्या आठवड्यात कधीतरी आईनं किंवा बाबांनी सुट्टी काढून त्याच्याबरोबर शाळेत एक फेरी मारावी. त्यानं दाखवावं : इथे मी पहिलीत पडलो, हा माझा नळ, हे आमचं झाड, इथे आम्ही शिवाजी महाराजांचं नाटक केलं. नळ, झाड, पायऱ्या, शिपाईमामा, ही त्याच्या निरोपाची खरी यादी असते. ती आपल्याला सुचत नाही, त्यालाच विचारावी लागते. निकालाच्या दिवशी प्रगतिपत्रक घेऊन घाईघाईनं गाडीवर बसवून आणलेली मुलं पुढे कित्येक महिने त्या फाटकाकडे वळून बघत राहतात.

मित्रांचंही तसंच. दहा वर्षांच्या मुलांकडे स्वतःचा फोन नसतो. त्यांची मैत्री आयांच्या फोनवर उभी असते. म्हणून सगळ्यांशी नको, पण जिवाच्या एका मित्राशी भेट चालू राहील एवढं दोन्ही घरांनी ठरवून घ्यावं. महिन्यातला एखादा रविवार, आलटूनपालटून एकेकाच्या घरी. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी. “भेटवू कधीतरी” या शब्दावर हळवं मूल विश्वास ठेवतं आणि मग रोज वाट पाहतं.

मे महिना ओळख करून घेण्याचा. बहुतेक घरांत या महिन्यात पाचवीच्या तयारीचा क्लास लागतो. मला विचाराल तर तो लावू नये. हिंदी आणि गणित जूनमध्येही येतं. अनोळखी इमारत मात्र मे महिन्यात ओळखीची करून घेता येते. शाळेच्या परवानगीनं रिकाम्या शाळेत एकदा जाऊन यावं. वर्ग, जिना, पाण्याची टाकी आणि स्वच्छतागृह बघावं. शेवटचा शब्द मुद्दाम लिहिला. नव्या शाळेतलं स्वच्छतागृह कुठे आहे हे माहीत नाही, विचारायची लाज वाटते, आत मोठी मुलं असतात, म्हणून सकाळपासून संध्याकाळपर्यंत लघवी दाबून धरणारी, त्यासाठी पाणीच न पिणारी मुलं थोडी नाहीत. घरी आल्यावरच्या डोकेदुखीचं कारण कधी कधी इतकं साधं असतं. वर्ग चालू असताना जाण्याची परवानगी कशी मागायची, हे वाक्य घरी म्हणून घ्यावं.

रस्ताही तसाच. आतापर्यंत गल्लीतून चालत शाळेत जाणारं मूल आता सांगली-मिरज रस्त्यावरच्या रहदारीतून जाणार असतं. त्या वाटेनं त्याच्याबरोबर दोनतीनदा जाऊन यावं. रिक्षावाल्या काकांशी आधी ओळख करून द्यावी. नव्या शाळेच्या पहिल्या दिवशी फाटकात दिसणारा पहिला ओळखीचा चेहरा त्यांचाच असणार. गणवेश दोनदा धुऊन मऊ करावा आणि घरात घालू द्यावा, कारण कडक कॉलर आणि टोचणारी पट्टी या मुलांना दिवसभर छळतात. कागदपत्रंही याच महिन्यात उरकावीत. दाखला मिळायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही, असं शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ सांगतं. पण दाखल्यावरून घरात होणारी आरडाओरड मूल ऐकत असतं आणि आपल्याला कुठेच घेणार नाहीत असा अर्थ काढतं.

मग जून येतो. पहिल्या दिवशी फाटकाशी लांबलचक निरोप नको. ठरलेला एक शब्द, ठरलेली एक खूण, आणि निघावं. परत आल्यावर लगेच “कसं झालं? मित्र झाले? काय शिकवलं?” असा मारा करू नये. दिवसभर शंभर नवे आवाज ऐकून आलेल्या मुलाला आधी खायला आणि अर्धा तास शांतता हवी असते. तो रात्री अंथरुणावर, दिवा मालवल्यावर बोलेल. त्या वेळी आपल्या हातात फोन नसावा.

या दिवसांत आपल्याकडे पावसाची भर पडते. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे निघालं की घरात टीव्ही दिवसभर चालू राहतो. ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवून मोठी माणसं बोलू लागतात. मुलाला नव्या शाळेची धाकधूक आणि पुराची भीती वेगळी करता येत नाही. पाणी चढलं तर शाळा सुट्टी देईल, तुला आणायला अमुक माणूस येईल, हे स्पष्ट सांगावं आणि टीव्ही बंद करावा.

दुसरी एक धास्ती परीक्षेची. २०२३-२४ पासून राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली आहे. त्यात कमी पडलेल्या मुलाला पुन्हा परीक्षेची संधी मिळते आणि तिथेही जमलं नाही तर त्याच वर्गात राहावं लागू शकतं. म्हणजे ज्या वर्षी शाळा नवी, शिक्षक नवे, त्याच वर्षी ‘नापास’ हा शब्दही नवा. काही पालक अभ्यासाला बसवण्यासाठी जूनपासूनच हा शब्द वापरतात. हळव्या मुलावर तो वापरू नका. ते मूल आधीच दुप्पट घाबरलेलं असतं आणि घाबरलेल्या मुलाच्या डोक्यात गणित शिरत नाही.

काही घरांपुढे याहून मोठा प्रश्न येतो. साताऱ्याचं सैनिक स्कूल १९६१ मध्ये सुरू झालं. आपल्या जिल्ह्यात पलूसला नवोदय विद्यालय आहे. दोन्हीकडे पाचवीत असताना परीक्षा आणि सहावीला वसतिगृह. हळवं मूल पास झालं तर पाठवावं का? सरसकट नाही म्हणणार नाही. पण त्याला विचारल्याशिवाय पाठवू नये, आणि तिथे त्याला जीव लावणारं एखादं माणूस असेल का, हे निकालाइतक्याच काळजीनं पाहावं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं तेव्हा खेड्यातली शाळा सोडून आलेल्या पोरांना कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई होत्या. त्यांनी मुलांचं जेवणखाण सांभाळलं, वसतिगृहासाठी अंगावरचे दागिने दिले. कर्मवीरांच्या कामाबद्दल आपण पुष्कळ बोलतो. त्या मुलांना तिथे आई मिळाली होती, हे कमी बोलतो.

अशा आधाराचा खरंच उपयोग होतो का? इंग्लंडमध्ये मायकेल प्लुएस आणि इलोना बोनिवेल या संशोधकांनी ११ वर्षांच्या शाळकरी मुलींसाठी मनाचा कणखरपणा वाढवणारा एक कार्यक्रम तपासला आणि २०१५ मध्ये निष्कर्ष मांडले. त्या कार्यक्रमानं उदासी कमी झाली, ती जास्त संवेदनशील मुलींची. इतरांत फारसा फरक दिसला नाही. म्हणजे ज्या मुलाला वाईट गोष्ट जास्त लागते, त्यालाच चांगली गोष्टही जास्त लागू पडते. आपले कष्ट या मुलांवर वाया जात नाहीत.

तरीही काही वेळा घरचे प्रयत्न पुरत नाहीत. तीनचार आठवड्यांनंतरही झोप लागत नसेल, खाणं सुटलं असेल, रविवारी ठणठणीत आणि सोमवारी सकाळी उलटी असं चालूच असेल, शाळेत जायलाच नकार असेल, किंवा “मी नसलेलाच बरा” असं काही तोंडून निघालं, तर थांबू नका. शेवटच्या वाक्यासाठी तर एक दिवसही नको. आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो, फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

शेवटी पाचवीच्या वर्गशिक्षकांना एक विनंती. तुमच्या वर्गात साठ मुलं असतील, कामं डोक्यावर असतील, हे ठाऊक आहे. तरी पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाला एकदा नावानं हाक मारा आणि त्याच्या आधीच्या शाळेबद्दल, बाईंबद्दल एक प्रश्न विचारा. आणि पालकांनो, हा लेख त्यांच्यापर्यंत पोचवा. सोबत आपल्या मुलाबद्दल चार ओळी लिहून द्या : त्याला कशाची भीती वाटते, कशानं शांत वाटतं, आणि चौथीच्या बाई त्याला कोणत्या नावानं हाक मारत होत्या.