हिंदूरावांची टेकडी आणि नगराचे आरोग्य

दिल्लीच्या जुन्या तटबंदीच्या वायव्येस अरवली पर्वताची एक बुटकी सोंड आहे. तिच्यावरील एका स्थळास मराठी सरदाराचे नाव लाभले आहे. कागलच्या घाटगे घराण्यातील हिंदूराव हे ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू होत. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याची १८३५ मध्ये हत्या झाल्यावर त्याचा येथील वाडा हिंदूरावांनी विकत घेतला. पुढे १९११ मध्ये याच ठिकाणी १६ खाटांचे रुग्णालय सुरू झाले. तेच आजचे विस्तीर्ण हिंदूराव रुग्णालय होय.

उंच जागा ती निरोगी जागा, अशी समजूत एकोणिसाव्या शतकात दृढ होती. दमट जमिनीतून व कुजणाऱ्या पदार्थांतून निघणारी दूषित हवा रोग पसरविते, असे मानले जाई. या समजुतीचा फोलपणा याच टेकडीवर दिसून आला. १८५७ च्या उन्हाळ्यात येथे तळ देऊन राहिलेल्या इंग्रज फौजेत पटकीची साथ पसरली आणि ५ जुलै रोजी सेनापती बर्नार्ड तिला बळी पडला. पटकी दूषित पाण्यातून पसरते, हे जॉन स्नो याने लंडनमध्ये १८५४ मध्येच दाखविले होते. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख याने कलकत्त्यात तिचा जंतू वेगळा काढला. पिण्याचे पाणी दूषित असेल, तर उंची काय कामाची?

हिवतापाबाबत मात्र उंचीस काही अर्थ होता. हा रोग डासांमार्फत पसरतो, हे रोनाल्ड रॉस याच्या १८९७ मधील शोधापासून स्पष्ट होत गेले. उतारावर पाणी साचत नाही; नदीकाठच्या सखल भूमीत ते साचून डासांची पैदास होते. डिसेंबर १९११ मध्ये दिल्ली राजधानी होणार असे जाहीर झाले. नव्या नगराची जागा निवडताना उत्तरेकडील सखल भूमी पूर व हिवताप यांच्या भयाने नाकारण्यात आली आणि दक्षिणेकडील रायसीना पसंत पडले. तथापि, १९३१ मध्ये नवी दिल्लीचे उद्घाटन होईपर्यंतच्या काळात तात्पुरती राजधानी उत्तरेकडेच, या टेकडीच्या परिसरात उभारण्यात आली होती.

या काळात येथील व्यवस्था विभागलेली होती. दाट वस्तीचे शहर नगरपालिकेकडे, तर बंगल्यांची सिव्हिल लाइन्स अधिसूचित क्षेत्र समितीकडे असे. झाडलोट, मैला वाहून नेणे, देवी टोचणे, जन्ममृत्यूंची नोंद ठेवणे, डबकी बुजविणे ही आरोग्य खात्याची नित्याची कामे होत. ती ज्याने त्याने आपल्या हद्दीत करावीत, हा नियम कागदावर सोयीचा होता; पण नाल्यास व डासास हद्द ठाऊक नसते. एका वस्तीचे सांडपाणी नदीस मिळते आणि दुसरी वस्ती तीच नदी पिते.

याचा कटू प्रत्यय १९५५ मध्ये आला. यमुनेचा प्रवाह बदलला आणि नजफगड नाल्याचे सांडपाणी वझिराबाद येथे, जेथून शहरासाठी पाणी उचलले जाई, तेथपर्यंत मागे लोटले. जलशुद्धीकरण केंद्रात क्लोरीनची मात्रा वाढविण्यात आली. त्यामुळे विषमज्वराची साथ उद्भवली नाही. परंतु काविळीचा विषाणू त्या उपायास पुरून उरला. डिसेंबर १९५५ व जानेवारी १९५६ या काळात सुमारे २९,००० लोकांस कावीळ झाली. गरोदर स्त्रियांस हा रोग विशेष घातक ठरला. हा विषाणू आज 'ई' प्रकारचा म्हणून ओळखला जातो. त्या वेळी त्याची ओळखच पटलेली नव्हती.

१९५८ मध्ये दिल्ली महानगरपालिका स्थापन झाली आणि नगरपालिका, अधिसूचित क्षेत्र समिती यांसारख्या अनेक संस्था तिच्यात विलीन झाल्या. एका कारभाराखाली आल्याने पाणी आपोआप शुद्ध होत नाही, हे खरे. पण नाला कोणाचा व नळ कोणाचा, हा वाद तरी मिटतो. रुग्णालय आजाऱ्यास बरे करते. आजार येऊच नये, याची चिंता मात्र टेकडीच्या पायथ्याशी, नाल्याच्या काठी वाहावी लागते.